नंबर लावल्याशिवाय डॉक्टर भेटत नाहीत

माझ्या चुलतभावाचा नातू करण याच्या वरातीचा घोडा डीजेला बिचकला आणि नवरदेवासकट उभ्या उसात शिरला, त्या वर्षीची ही गोष्ट. निम्मं गाव सऱ्यासऱ्यांतून करणला हाका मारत हिंडत होतं आणि माझी नात रेश्मा बांधावर उभी राहून मोबाईलवर आपला निकाल बघत होती. दिवस मावळायच्या आत करण सापडला. रेश्माची डॉक्टरकीची जागा मात्र थोडक्यात हुकली. आमच्याकडं तो दिवस अजून घोड्यामुळंच लक्षात आहे, हे एका अर्थी बरं झालं.

रेश्मा म्हणाली, एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा देते. याला गॅप म्हणतात. शहरात, सावेडीला, माझा मुलगा गोरक्षनाथ याचा फ्लॅट आहे, तिथं आम्ही परतलो आणि दोन दिवसांत तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्यांना हा गॅप कळला. समोरच्या बाईंनी तर तो भरून यायला औषध काय चाललंय असंही विचारलं.

पण रेश्माला नुसती पुस्तकं घेऊन बसायचं नव्हतं. एखाद्या डॉक्टरांजवळ बसायचं, पेशंट सांगेल ते लिहून घ्यायचं, म्हणजे डॉक्टरांना तपासायला हात मोकळे, असं काम तिला हवं होतं. परदेशात डॉक्टर व्हायच्या आधी मुलं असं काम करतात म्हणे. "आबा, इतकी वर्षं शिकायचं आणि मग पेशंट समोर आला की भीती वाटली तर? त्यापेक्षा आधीच बघून घेते," असं ती म्हणाली. मला ते पटलं. बैल घेताना आम्ही आधी औताला धरून बघतोच.

गोरक्षला पटलं नाही. तो पतसंस्थेत आहे, त्यामुळं त्याला प्रत्येक गोष्टीला मुदत लागते. नागपंचमीच्या आत दवाखान्यात काम मिळालं तर हे वर्ष तुझं, नाहीतर बीएस्सीला नाव घालायचं आणि डॉक्टरकी हा शब्द घरात पुन्हा काढायचा नाही, असं त्यानं जेवताना सांगून टाकलं. रेश्मानं मान हलवली. ताटातली भाकरी मात्र तशीच राहिली.

आता यात मी का पडलो ते सांगतो. मला अक्षरं रेश्मानं शिकवली. ती तेव्हा पहिलीत होती आणि मी साठीला आलेलो. शाळेतून आली की ती बाई व्हायची आणि मी वर्ग. वर्गात मी एकटाच, त्यामुळं हुशार मुलगाही मीच आणि ढ मुलगाही मीच, आणि छडी दोघांच्या वाटणीची. ज्या दिवशी मी एसटीची पाटी स्वतः वाचून बरोबर गाडीत बसलो, त्या दिवशी नेवाशापर्यंत माझ्या डोळ्याला धार होती. कंडक्टरनं विचारलं, बाबा, काय झालं? म्हटलं, नेवासा लिहिलंय आणि गाडी खरंच नेवाशालाच चाललीय. तेव्हापासून लिहिणं म्हटलं की मला देवळात आल्यासारखं होतं. आणि इथं तर पोरगी आजाऱ्याचं दुखणं लिहिणार होती. मी म्हटलं, चल, मी येतो बरोबर.

शहरात दवाखाने भरपूर आहेत. काचेची दारं आपोआप उघडणारे तर इतके, की पहिल्या दिवशी मी प्रत्येक दाराला नमस्कार करत गेलो. पण आतल्या टेबलावरची मुलगी सगळीकडं एकच विचारायची, "पेशंट कोण? नंबर लावलाय का?" पेशंट नाही म्हटलं की ती आमच्या मागच्या माणसाशी बोलायला लागायची. एकीनं रेश्माला नर्सिंगचं सर्टिफिकेट मागितलं, दुसरीनं टायपिंगचं, आणि तिसरीनं तिला औषधाच्या कंपनीची समजून बाकड्यावर बॅगवाल्या पोरांच्या रांगेत बसवलं. त्या रांगेत आमची सकाळ गेली.

मग आम्ही एका सरकारी कचेरीत गेलो. तिथले साहेब फार सभ्य होते. त्यांनी मंजूर पदांचं पुस्तक काढलं, चष्मा पुसला, सगळ्या ओळींवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हे पद आकृतिबंधात नाही. त्यामुळं ते रिकामं नाही आणि भरलेलंही नाही." मी हात जोडले. रिकामं नाही आणि भरलेलंही नाही असं काहीतरी असतं, हे मी आजवर फक्त कीर्तनात ऐकलं होतं.

आमच्या वरच्या मजल्यावर वाल्मिकराव राहतात. मलेरिया खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळं डॉक्टर लोकांकडं ते आपल्या हाताखालची माणसं म्हणूनच बघतात. त्यांनी माझी हकीकत ऐकली आणि पाठीवर हात ठेवला. "बन्सीआबा, डॉक्टर काम मागणाऱ्याला भेटत न्हाई. पेशंटला भेटतो. तुमी नंबर लावा, आत जा, आन मग बोला."

इतकं सोपं होतं. शिवाय रीतीला धरून होतं. दवाखान्यात नंबर न लावता घुसणं म्हणजे पंगतीत ताटावर न बसता वाढप्याचा हात धरणं. दुसऱ्या दिवशी मी माझ्या नावानं केसपेपर काढला.

चूक एवढीच झाली, की काय होतंय ते ठरवून गेलो नव्हतो. आत गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, आणि माझ्या तोंडून आपसूक आलं, "पोटात." पुढचं बोलायच्या आत मला बाहेर काढलं. सोनोग्राफी करायची म्हणून पाणी पाजायला सुरुवात झाली. उन्हाळ्यात आमच्या विहिरीला असतं तेवढं पाणी माझ्या पोटात गेलं. वर आणखी ताकीद, की आतच ठेवायचं. माझ्या वयाच्या माणसाला हे सांगणं किती कठीण, ते माझ्या वयाची माणसंच जाणतील. मी भिंतीला धरून उभा, आणि बाकड्यावरचे सगळे माझ्याकडं बघतायत. पण पुढं आत निजवून पोटावर ते यंत्र फिरवलं, तेव्हा मी पाणीबिणी विसरलो. पडद्यावर ढग होते. काळे, करडे, एकमेकांत शिरणारे. डॉक्टर म्हणाले, हे तुमचं यकृत. सत्तर-बहात्तर वर्षं हे आभाळ पोटात घेऊन मी औत हाकलं आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

भारावलेला माणूस खरं बोलतो. मी म्हटलं, "डॉक्टर, मला काय बी होत न्हाई. मी नातीला काम बघायला आलोय."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं, मग रेश्माला हळूच विचारलं, "असं कधीपासून बोलतात?"

रेश्मा मुळात खरं बोलणारी. ती म्हणाली, "पहिल्यापासून."

त्यांनी चिठ्ठी लिहून मला मेंदूच्या डॉक्टरांकडं पाठवलं.

तिथं मला एका नळकांड्यात घातलं आणि मळणीयंत्रात गव्हाच्या पेंढीनं काय सोसलेलं असतं ते मला कळलं. बाहेर आल्यावर माझा मेंदू काचेवर लावून दाखवला. अगदी फ्लॉवरचा गड्डा. आठवडे बाजारात मी हजार गड्डे पारखले असतील, पण इतका घडीव बघितला नव्हता. मी डॉक्टरांना म्हटलं, याची घरी न्यायला एक प्रत मिळेल का? त्यांनी तेही कागदावर टिपलं. मग ते बाई-मास्तरांसारखे प्रश्न विचारायला लागले. वार कोणता, महिना कोणता, शंभरातून सात वजा करत उतरा. शेवटी कोरा कागद पुढं केला आणि म्हणाले, "एक वाक्य लिहा. कोणतंही."

इतका मोठा डॉक्टर आणि मला लिहायला सांगतोय. मी चपला काढल्या. पेन नीट धरलं, जसं रेश्मानं शिकवलं होतं तसं, आणि काना-वेलांट्या मोजून मापून लिहिलं: माझ्या नातीला दवाखान्यात लिहायचं काम पाहिजे.

डॉक्टरांनी ते वाचलं. मनापासून वाचलं, हे मी शपथेवर सांगतो. मग म्हणाले, "वाक्य अर्थपूर्ण आहे. अक्षरही चांगलं आहे," आणि कागद फाईलमध्ये लावून फाईल मिटली.

माझा अर्ज असा दप्तरी दाखल झाला.

इथपर्यंत सगळं माझ्या अंगावर निभावलं असतं. पण फाईल गोरक्षच्या हाती लागली. बापाचं पोट, बापाचा मेंदू, दोन्हींचे फोटो त्यानं उजेडाला धरून बघितले. लगेच राहात्याला माझ्या बहिणीला, मुक्ताबाईला, फोन केला, आणि तो फोन गावी पोचेपर्यंत बन्सीचं डोकं गेलं अशी बातमी झाली होती. मुक्ताबाई पेरूची पिशवी घेऊन हजर झाली. माझ्यासमोर बसून ती माझ्याबद्दल 'लई गुणी हुता' असं बोलायला लागली. मी पेरू खात होतो. जिवंत माणसानं अशा वेळी काय करायचं असतं याचा काही रिवाज नाही.

खरा प्रकार सांगितल्यावर गोरक्ष जे बोलला ते मी इथं लिहीत नाही. शेवटी म्हणाला, "आबा, ह्या पोरीच्या नादी लागून तुमी सगळ्यांत हसं करून घेतलं. आता बास. नागपंचमी झाली की नाव घालायचं." आतल्या खोलीत रेश्मानं पुस्तकांचा गठ्ठा बांधून कपाटावर ठेवली. माझी बाई पाटी पुसून ठेवायची तेव्हा शाळा सुटायची. तसं वाटलं.

मुक्ताबाईनं मात्र एक अट घातली. शहरातल्या डॉक्टरांचं काय खरं, आमच्या गावाजवळच्या नेवाशाच्या हनुमंत डॉक्टरांना एकदा फाईल दाखवायचीच. शिवाय गावाला माझं डोकं जागेवर असल्याचं प्रत्यक्ष दाखवणंही भाग होतं. मला एकट्याला सोडायला कुणी तयार नव्हतं, म्हणून रेश्मा फाईल घेऊन बरोबर आली. एसटीतून उतरलो, दवाखान्यात गेलो, आणि सवयीनं मी नंबर लावला.

हनुमंत डॉक्टर माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी थोरले. त्यांच्या दवाखान्याची एक पद्धत सगळ्या तालुक्याला ठाऊक होती. पेशंट सांगेल ते डॉक्टर पेशंटच्या भाषेत केसपेपरवर लिहायचे आणि मग मोठ्यानं वाचून दाखवायचे. "हेच ना?" असं विचारायचे. पेशंट "हेच" म्हणाल्याशिवाय औषध नाही. लोक दुरुस्त्या करायचे, आधी घाम आणि मग चमक, असं म्हणायचे, आणि डॉक्टर खोडून पुन्हा लिहायचे. दार उघडंच असायचं आणि बाकड्यावरचे लोकही ऐकायचे.

पण त्या दिवशी ते काहीच लिहीत नव्हते. उजवा हात टेबलाखाली, दोन गुडघ्यांत दाबून धरलेला. ऐकलेलं ध्यानात ठेवून बोलून दाखवत होते, आणि एका म्हाताऱ्याला त्यांनी आधीच्या बाईची कंबर सांगितली. म्हातारा भिडेपोटी "हेच" म्हणून गोळ्या घेऊन गेला. मध्ये एकदा चष्मा सावरायला हात वर आला, तेव्हा तो थरथरताना दिसला. पहिल्या वर्षी पाटीवर माझा हात असाच व्हायचा. माझा भीतीनं व्हायचा. त्यांचा कशानं, हे ते कुणाला सांगत नव्हते.

माझी फाईल त्यांनी डाव्या हातानं उलटली. ढग बघितले, गड्डा बघितला. मग माझ्या वाक्याचा कागद आला. तो त्यांनी दोनदा वाचला.

"हे कुणी लिहिलं?"

"म्या."

"शिकवलं कुणी?"

मी रेश्माकडं बोट केलं. डॉक्टर हसले, पण आवाज न करता, नुसतं पोट हलवून. म्हणाले, "बन्सी, तुला रोग न्हाई. नात हाय." मग तिला म्हणाले, "बस इथं. पुढचा नंबर केशरबाईचा. ती सांगंल तसं लिही. तुझ्या पुस्तकातलं एक अक्षर घालू नको."

केशरबाई ऊसतोडीला जाणारी, पाथर्डीकडची, लेकीकडं आलेली. तिनं शेळी मेली त्या सालापासून सुरुवात केली. मधे जावई आला, पाण्याचा टँकर आला, आणि दुखणं काही येईना. रेश्मा एकदाही "मुद्द्याचं बोला" म्हणाली नाही. कपाळावर घाम, पण पेन चालू. शेवटी डॉक्टर म्हणाले, वाच.

रेश्मानं वाचलं. "देवळाच्या पायऱ्या चढताना छातीत कोंबडी फडफडल्यागत होतं. डाव्या दंडात कळ येते. खाली बसलं की थांबतं. शेळी मेली त्या सालापासून आहे, पण मोळी उचलणं बंद होईल म्हणून कुणाला सांगितलं नाही."

केशरबाईनं हात पुढं करून कागदाला बोटं लावली. "हे माझं हाय?"

"हेच ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"हेच," ती म्हणाली.

तिचं नाव आजवर रेशनकार्डावर होतं, मतदारयादीत होतं. दुखणं कुठंच नव्हतं. मी ढग बघितले होते, मेंदू बघितला होता, पण असं काही मी बघितलं नव्हतं. पोरीनं एका बाईच्या आतलं बाहेर काढून कागदावर ठेवलं होतं, आणि त्याला ना पाणी प्यावं लागलं ना नळकांडं.

डॉक्टर रेश्माला म्हणाले, "उद्यापास्नं ये."

गोरक्ष नागपंचमीच्या आदल्या दिवशी तिला न्यायला आला. खेड्यातला दवाखाना म्हणजे काही काम नव्हे, असं त्याचं म्हणणं. तो तसाच आत शिरायला लागला, तर डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "बोलायचं असंल तर नंबर लाव." माझा मुलगा, पतसंस्थेत स्वतः लोकांना रांगेत उभं करणारा, बाकड्यावर बसला. नंबर आल्यावर स्टुलावर बसला. समोर डॉक्टर, बाजूला पेन घेऊन त्याची मुलगी.

"काय होतंय?"

आता काहीतरी सांगायला हवं. ही सवय आमच्या घराण्यात आहे. गोरक्ष म्हणाला, "पित्त."

"कधीपास्नं?"

"निकाल लागल्यापास्नं," असं म्हणून तो थांबला. डॉक्टरही थांबले. ते गप्प बसले की माणूस आपोआप सांडायला लागायचा. गोरक्ष खाली बघत बोलत राहिला, आणि शेजारी बसून रेश्मानं बापाकडं न बघता लिहिलं. मग वाचलं, बाकीच्यांचं वाचायची त्याच आवाजात.

"निकालापासून घशाशी जळजळ. जेवण जात नाही. पहाटे जाग येते. पोरगी पुन्हा पडली तर तिच्या तोंडाकडं बघवणार नाही असं वाटतं. त्यापेक्षा तिला आत्ताच दुसरीकडं घातलेलं बरं, असं वाटतं. घरात कुणाला बोललो नाही."

कागद तिनं बापापुढं सरकवला.

"हेच ना?" डॉक्टर म्हणाले.

गोरक्षनं कागद स्वतः एकदा वाचला. "हेच."

त्यानं गोळ्यांची पुडी घेतली, एसटी स्टँडवर गेला आणि एकटाच सावेडीला परतला. चार दिवसांनी एक खोकं आलं. आत कपाटावरची सगळी पुस्तकं होती, आणि वर पित्ताची पुडी, न फोडलेली. लागली नाही, असं त्यानं फोनवर सांगितलं.

ते वर्ष रेश्मा माझ्याबरोबर गावच्या घरी राहिली. दिवसभर दवाखाना, पहाटे अभ्यास. मी रोज तिच्याबरोबर जाऊन बाकड्यावर बसायचो. नंबर लावायचो नाही. पुढच्या परीक्षेत तिला जागा मिळाली. या वेळी उसात कुणी हरवलेलं नव्हतं, त्यामुळं सगळ्या गावाला त्याच दिवशी कळलं. वाल्मिकरावांनी सावेडीत पेढे वाटले आणि आपल्याच सल्ल्यानं हे झालं असं सांगितलं. ते खोटं आहे असं मला म्हणता येत नाही.

तिच्या कामाचा शेवटचा दिवस. बाकडं रिकामं झालं, तिनं पेनाला टोपण घातलं. तेव्हा हनुमंत डॉक्टर खुर्चीवरून उठले, टेबलाला वळसा घातला आणि पेशंटच्या स्टुलावर येऊन बसले.

"नंबर लावलेला न्हाई. चालंल का?"

रेश्मानं टोपण काढलं.

तेही बाकीच्यांसारखेच लांबून दुखण्याकडं आले. बायको गेली त्या सालापासून. मग हात, मग चालताना अडणारा पाय, मग रात्री कूस बदलता न येणं. पेशंटला कळलं तर येणार नाहीत, म्हणून हात टेबलाखाली. सगळं झाल्यावर रेश्मानं वाचलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. एकदाच दुरुस्ती केली. "पेशंट येणार न्हाईत म्हणून, असं न्हाई. दवाखान्यात यायचा मीच थांबंन म्हणून. तसं लिही." तिनं खोडलं आणि तसं लिहिलं.

"हेच ना?" तिनं विचारलं.

"हेच."

दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन आम्ही त्यांना सावेडीत त्याच मेंदूच्या डॉक्टरांकडं नेलं. मी अनुभवी पेशंट म्हणून बरोबर होतो. नळकांड्यात आवाज होतो, घाबरू नका, आणि एक चांगलं वाक्य आधीच योजून ठेवा, असं मी त्यांना रस्त्यात बजावलं. ते पोट हलवून हसले. तिथं कोरा कागद पुढं आला. त्यांनी उजवा हात टेबलावर घेतला. चार माणसांत तो असा उघडा ठेवलेला मी पहिल्यांदा बघितला. अक्षरं अंगणात कोंबड्या पांगाव्यात तशी पांगली होती, लिहायला फार वेळ लागला, आणि कुणी त्यांना घाई केली नाही. मी एकेक अक्षर जुळवून वाचलं.

नंबर लावून आलो आहे.

डॉक्टर हनुमंत त्याच वर्षी कार्तिक वद्य पंचमीला, सकाळी, नेवाशात आपल्या घरी वारले.